दहा मीटरसाठी स्वस्तात इंपोर्टेड एअर पिस्तूल, ऐंशी हजारांत काय घ्यावं?

मिरजकर

नमस्कार मंडळी, सरळ मुद्द्यावर येतो. वय ३६, सांगलीत नोकरी, वर्षभर झालं क्लबात जाऊन १० मीटर एअर पिस्तूल मारतोय. साठ शॉटला सहाशेपैकी ५२० ते ५३० च्या मध्ये बसतो, चांगला दिवस असेल तर थोडं वर. ऑलिंपिक वगैरे डोक्यात नाही, पण एकदा तरी स्टेटला नीट स्कोअर टाकायचाय आणि त्यासाठी जे काही करावं लागेल ते मनापासून करायची तयारी आहे.

अडचण अशी की क्लबचं पिस्तूल तिघाचौघांत फिरतं. ग्रिप (मूठ) माझ्या हाताला मोठी पडते, माझ्या आधी ज्यानं मारलंय त्यानं नेमाची साईट स्वतःच्या डोळ्याला फिरवलेली असते, मग माझी सुरुवातीची डझनभर पेलेट्स (छर्रे) नुसती झिरो करण्यात, म्हणजे नेम जुळवण्यात, जातात आणि हात लागायला लागला की पुढचा माणूस मागे येऊन उभा. त्यामुळे आता स्वतःचं घ्यायचं ठरवलंय. बजेट ८० हजार, ओढूनताणून ८५. कर्ज काढून किंवा क्रेडिट कार्डाच्या हप्त्यावर घ्यायचं नाही, हे घरात कबूल केलंय.

डोक्यात तीन पर्याय आहेत. एक, नवीन कोरं पण साधं इंपोर्टेड, म्हणजे गामो कॉम्पॅक्ट किंवा वायराउख एचडब्ल्यू ४० असलं काहीतरी, एकदा पंप करून एक शॉट मारायचं. दोन, जुनं मॅच पिस्तूल, स्टायर किंवा मॉरिनी, कुणा शूटरनं वापरलेलं. तीन, चिनी पीसीपी पिस्तूल, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी, दिसायला भारी आहेत आणि किंमतही आवाक्यात आहे. शिवाय ऑफिसातला एकजण म्हणतो की युरोपातल्या वेबसाईटवरून मागव, तिकडे निम्म्या किमतीत मिळतं, कुरिअरनं येतं. हे खरंच जमतं का? आणि परवान्याचं नक्की काय? घरात पाच वर्षांचा मुलगा आहे त्यामुळे बायकोचा पहिला प्रश्न हाच होता.

ज्यांनी स्वतः वापरलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

पंचगंगेकाठचा

भावा, पहिलं परवान्याचं मिटवून टाकतो. .१७७ म्हणजे ४.५ मिमीची नळी आणि ताकद २० ज्यूलच्या आत असेल तर आपल्याकडं परवाना लागत नाही. मॅचचं एअर पिस्तूल पाच-सहा ज्यूलच्या आसपास असतंय, म्हणजे लांबच राहिलं ते. डीलर आधार कार्डाची झेरॉक्स घेतो, बिल देतो, विषय संपला. .२२ चं पिस्तूल म्हणशील तर तो पूर्ण वेगळा धंदा, तिथं शस्त्र परवाना, क्लबची शिफारस, गोळ्यांचा कोटा सगळं आलं, तिकडं आत्ता बघूच नकोस.

आता ते कुरिअरचं. अजिबात करू नकोस. परवाना लागत नाही म्हणजे आयात मोकळी आहे असं नसतंय, या दोन वेगळ्या गोष्टी हायत आणि लोक इथंच फसतात. शस्त्रांची आयात बंधनातली आहे, नामांकित शूटर म्हणून ज्यांची नोंद आहे त्यांना स्वतःच्या वापरासाठी आणता येतंय, बाकी तुझ्यामाझ्यासारख्यानं परवानाधारक डीलरकडूनच घ्यायचं. पार्सल कस्टममध्ये अडकलं तर पैसे पण जातात आणि वर खुलासे देत बसावं लागतंय. पाहुण्यांच्या बॅगेतून आणायचा सल्ला पण कोणतरी देईल, त्याचं पण ऐकू नकोस.

आणि चिनी पीसीपीचं म्हणशील तर ती पिस्तुलं डबे-बाटल्या उडवायला बनवल्यात. वाईट हायत असं नाही म्हणत, नळी बऱ्याचदा बरी असते, पण ट्रिगर मॅचचा नाही, ग्रिप मॅचची नाही, साईट जाडजूड. दहा मीटरवर दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, म्हणजे आपल्या शर्टच्या बटणाएवढं. तिथं ट्रिगर जरा जरी खरखरला की शॉट आठात जातोय आणि तुला कळत पण नाही की चूक हाताची का बंदुकीची. शिकणाऱ्या माणसाला हे लई वाईट.

माझं मत, जुनं पण मॅचचं घे. आमच्या कोल्हापुरात बघ, राही सरनोबतनं २०१८ ला जकार्ताच्या एशियाडला २५ मीटर पिस्तूलमध्ये गोल्ड मारलं, २०२४ ला पॅरिसला स्वप्नील कुसाळेचं रायफलमधलं ब्राँझ आलं, त्यानंतर पोरांची रीघ लागलीय रेंजवर. त्यातली काही पोरं दहावी-बारावी आली की सोडतात, काही वरचं मॉडेल घेतात, मग घरातलं पिस्तूल विकायला निघतंय. दीड-दोन लाखांची नवी वस्तू निम्म्याच्या आसपास मिळते, फक्त ओळखीतनं घ्यायची आणि बघून घ्यायची.

जर्सीवाला

मी जरा उलट बाजू मांडतो. बरीच वर्षं न्यूजर्सीत आहे, इथल्या क्लबात आठवड्यातून एकदा १० मीटर मारतो. (इथे आमच्या राज्यात एअर पिस्तूलसुद्धा कायद्यानं हँडगनच धरतात, पोलिसांकडून खरेदीचं परमिट काढावं लागतं, त्यामानानं तुम्ही तिकडे सुखी आहात.)

सिंगल स्ट्रोक पिस्तुलाला इतक्या लवकर बाद करू नका. एकदा लिव्हर ओढली की आत हवा दाबली जाते, एक शॉट, परत लिव्हर. हवेचा सिलिंडर नाही, वेगळा पंप नाही, मुदत संपायची भानगड नाही, स्प्रिंग नसल्यामुळे धक्का जवळजवळ शून्य. माझ्याकडे रशियन बैकाल आयझेडएच-४६एम आहे, इझेव्हस्कच्या कारखान्यातलं. गरिबाचं मॅच पिस्तूल म्हणून जगभर याची ख्याती होती, नळी इतकी चांगली की पिस्तूल शिकंज्यात धरून मारलं तर भोकावर भोक पडतं. ट्रिगर बऱ्यापैकी ॲडजस्ट होतो. नुसती ब्रीच (पेलेट भरायची जागा) उघडून, पंप न करता, ट्रिगरची कोरडी प्रॅक्टिस पण करता येते. २०१४ च्या निर्बंधांनंतर इथे नवीन येणं बंद झालं, त्यामुळे आता जुन्याचेच भाव वाढलेत. भारतात एखाद्या जुन्या शूटरकडे किंवा क्लबच्या कपाटात पडलेलं असू शकतं, विचारून बघा.

गामो कॉम्पॅक्ट आणि एचडब्ल्यू ४० मात्र त्या दर्जाची नाहीत, हे मान्य. कॉम्पॅक्टला लाकडी ॲडजस्टेबल ग्रिप आहे आणि ठेवण टार्गेट पिस्तुलाची आहे, पण ट्रिगर घसटत येतो. एचडब्ल्यू ४० हलकं, प्लास्टिकचं, गंमत म्हणून उत्तम आणि घरच्या गच्चीवर सरावाला ठीक. इटालियन एफएएस ६००४ या दोघांपेक्षा बरं. पण तुम्ही ५२० च्या पुढे मारताय म्हटल्यावर ही तिन्ही तुम्हाला वर्षभरात अपुरी पडतील.

निशाणा

जर्सीवाले, आयझेडएच छान आहे यात वाद नाही, मीही वर्षानुवर्षं हाताळलंय. पण त्याचं तोंड जड, आणि साठ शॉट अधिक सायटर (आधीचे सरावाचे शॉट) म्हणजे तेवढ्या वेळा लिव्हर ओढायची, सव्वा तासाच्या मॅचमध्ये शेवटच्या वीसेक शॉटला खांदा बोलायला लागतो. तरुण, धडधाकट माणसाला चालेल. शिवाय सुट्या भागांचं काय? आपल्याकडे त्याची सील मिळवायची म्हणजे शोधाशोध. मिरजकर, मिळालं आणि पंचवीस-तीस हजारांत मिळालं तर बेलाशक घ्या, पण त्याच्या मागे सहा महिने घालवू नका.

मी रेंजवर मुलांची पिस्तुलं बघून देतो, रिपेअरही करतो, त्यामुळे जुनं घेताना काय बघायचं तेवढं लिहितो, बाकी चर्चा चालू द्या.

सगळ्यात आधी पिस्तूल बघू नका, सिलिंडर बघा. त्याच्या अंगावर तारीख कोरलेली असते आणि तिथून दहा वर्षं त्याचं आयुष्य. मॅचला इक्विपमेंट कंट्रोलवाले ही तारीख बघतात आणि मुदत उलटलेली असेल तर अडवू शकतात, आणि अडवलं नाही तरी २०० बारचा दाब तुमच्या मनगटापासून वीतभर अंतरावर असतो हे विसरू नका. विकणारा ‘दोन सिलिंडर सोबत’ म्हणतो आणि दोन्ही मुदतबाह्य असतात हे नेहमीचंच. नवीन सिलिंडरला वीसेक हजारांची तयारी ठेवावी लागते, म्हणजे तेवढी रक्कम किमतीतून तिथल्या तिथे वजा.

मग गळती. सिलिंडर भरून पिस्तुलाला लावा, दाबाचा काटा बघा, चहा प्या, तासाभरानं परत बघा. शक्य असेल तर रात्रभर ठेवायला सांगा. काटा उतरला तर रबराची ओ-रिंग गेलेली आहे, ते काम किरकोळ आहे, घाबरायचं नाही, पण भाव करायला उपयोगी. काटा उतरला नाही पण शॉट वरखाली पडतायत असं असेल तर दाब सारखा ठेवणारा रेग्युलेटर गेलाय, आणि ते काम किरकोळ नाही.

तिसरं, ट्रिगर. नियमानं एअर पिस्तुलाचा ट्रिगर ५०० ग्रॅमच्या खाली नसावा. ५०० ग्रॅमचं वजन ट्रिगरला टांगून नळी वर धरून उचलायचं, सुटलं तर पिस्तूल मॅचला चालणार नाही. पाचशेला ॲडजस्ट होतोय का, झाल्यावर तिथे टिकतोय का, पहिला टप्पा संपून दुसऱ्या टप्प्याची भिंत बोटाला स्पष्ट लागते का, हे स्वतःच्या बोटानं बघा, दुसऱ्याचं ऐकून नाही. मॅच पिस्तुलात ड्राय फायरची सोय असते, हवा न सोडता नुसता ट्रिगर मारता येतो, ती चालू आहे ना तेही बघा कारण तुमचा निम्मा सराव त्यावरच होणार आहे.

चौथं, ग्रुपिंग. पिस्तूल पक्कं धरायला काही मिळालं तर उत्तम, नाहीतर दोन्ही हात टेकवून पाच-पाच शॉटचे दोनतीन ग्रुप मारा. चांगल्या पेलेटनं पाच शॉटचं एकच भोक दिसायला पाहिजे, जेमतेम पेलेटपेक्षा मोठं. एक शॉट सारखा बाहेर पळत असेल तर नळीचं तोंड भिंगातून बघा, साफ करताना कुणीतरी लोखंडी सळई घातलेली असते.

ग्रिपचं शेवटी लिहितो कारण त्यावर मी रात्रभर बोलू शकतो. जुन्या पिस्तुलाची ग्रिप आधीच्या मालकानं घासलेली, पुटी लावलेली असणार. डावखुऱ्याची नाही ना, साईज एस, एम की एल, आणि लाकूड मनगटावर चढत नाही ना एवढं बघा, मनगटाला टेकणारी ग्रिप नियमात बसत नाही. बाकी सगळं घासून, भरून आपल्या हाताचं करता येतं. डोळे मिटून पिस्तूल उचला, टार्गेटच्या दिशेला आणा, डोळे उघडा. पुढची साईट मागच्या खाचेत आपसूक मध्ये दिसली तर ग्रिप तुमची. डावीकडे-उजवीकडे गेली तर जोपर्यंत ती ग्रिप सुधारत नाही तोपर्यंत तुम्ही प्रत्येक शॉटला मनगट वळवून ती चूक भरून काढत बसाल, आणि चाळिसाव्या शॉटनंतर मनगट ऐकत नाही. तुमचा क्लबच्या पिस्तुलाचा त्रास मला तरी हाच वाटतो.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगर घ्यायचा की मेकॅनिकल हा प्रश्न पुढे येईलच. मॉरिनीचं १६२ईआय इलेक्ट्रॉनिक, एमआय मेकॅनिकल. इलेक्ट्रॉनिक बोटाला एकदम स्वच्छ लागतो, मला स्वतःला तोच आवडतो. पण जुन्या पिस्तुलात सर्किट गेलं तर गावात कुणी दुरुस्त करणारा नाही. टोकियोला २०२१ मध्ये मनू भाकरच्या पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला आणि तिचा बहुमोल वेळ गेला ते सगळ्यांनी पाहिलंय, तिथे तर मदतीला माणसं होती. जुनं, कमी बजेट आणि सांगली, या तिन्हीचा विचार केला तर मेकॅनिकल घ्या. स्टायर एलपी २ तुमच्यासाठी सगळ्यात योग्य, एलपी १० मध्ये धक्का खाणारं जे स्टॅबिलायझर असतं तेवढं यात नाही, बाकी चीज तीच. फाईनवेर्कबाऊ, वाल्थर, टेस्रो, पार्दिनी यातलंही काही मिळालं तरी हरकत नाही.

नाशिकची आई

सगळे पिस्तुलाच्या किमतीवर बोलताय, मी खर्चाची दुसरी बाजू सांगते कारण आमच्या घरात मुलगी मारते आणि हिशोबाची वही माझ्याकडे असते.

मिरजकर भाऊ, ८० हजार बजेट असेल तर पिस्तुलावर ८० घालवू नका. पेलेटच्या एका डबीत ५०० असतात. रोज सायटर धरून ऐंशीएक मारले तर आठवडाभरात डबी संपते. इंपोर्टेड मॅच पेलेट, म्हणजे आरडब्ल्यूएस आर १० किंवा एच अँड एन फिनाले मॅच, यांची डबी महाग पडते, कधी माल नसला की अजून वर. आम्ही सरावाला साधी चिनी मॅच पेलेट वापरतो आणि मॅचच्या आधी पंधरा दिवस चांगल्या डबीवर येतो. डबी घेताना एकाच बॅचच्या चार-पाच घ्याव्यात, बॅच बदलली की ग्रुप बदलतो हे सरांनी करून दाखवलं तेव्हा मला पटलं.

हवेचं पण बघा. तुमच्या क्लबात स्कुबाची मोठी टाकी असेल तर तिथे भरून मिळेल, नसेल तर हातपंप घ्यावा लागतो आणि २०० बारपर्यंत हातपंपानं भरणं म्हणजे व्यायाम आहे, मुलीच्या वडिलांना विचारा. पंपाला ओलावा शोषणारा फिल्टर हवाच, पावसाळ्यात तर नक्कीच, नाहीतर पाणी आत जातं. सिलिंडर हळूहळू भरायचा, घाईत भरला की गरम होतो आणि गार झाल्यावर दाब उतरलेला दिसतो. आणि फक्त कोरडी हवा, वेल्डिंगवाल्याकडून ऑक्सिजन भरून आणायचा विचार कुणाच्याही मनात येऊ नये, त्याने स्फोट होऊ शकतो. हे मुद्दाम लिहितेय कारण एका पालकांनी मला खरंच विचारलं होतं.

याशिवाय चष्म्याचा नंबर असेल तर शूटिंगची काच वेगळी, बूट सपाट तळव्याचे, रेंजची फी, स्पर्धेची एंट्री, प्रवास. माझ्या मते ८० मधले निदान १५ बाजूला ठेवा.

घरातल्या मुलाबद्दल. पिस्तूल केसमध्ये, केसला कुलूप, सिलिंडर काढून वेगळा, पेलेट तिसरीकडे. नळीत सेफ्टी फ्लॅगची दोरी (नळी रिकामी असल्याची खूण) कायम. एअर पिस्तूल आहे म्हणून हलक्यात घेऊ नका, डोळा जायला एक पेलेट पुरतो. आम्ही मुलीच्या धाकट्या भावाला उलट सगळं दाखवलं, उघडून, समजावून, त्याच्यासमोर टार्गेट मारून, आणि सांगितलं की मोठं कुणी नसताना केसला हात लावायचा नाही. लपवून ठेवलं असतं तर त्यानं शोधलंच असतं. आणि हो, पेलेट शिशाचे असतात, मारून झालं की हात साबणानं धुवायचे मगच डबा उघडायचा. आमच्याकडे यावरून रोज ओरडा असतो.

मिरजकर

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. नाशिकच्या ताईंचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला, कुलुपाचं कपाट तिनंच बघायला घेतलंय.

दरम्यान एक गोष्ट पुढे आलीय. क्लबातल्या एकाच्या ओळखीतून साताऱ्याचा एक मुलगा स्टायर एलपी २ विकतोय, इंजिनिअरिंगला पुण्याला गेला आणि शूटिंग सुटलं. ९५ हजार म्हणतोय. उजव्या हाताची एम ग्रिप, दोन सिलिंडर, फोटोत एकावर २०१३ आणि एकावर २०१९ दिसतंय. डीलरचं मूळ बिल त्याच्या वडिलांच्या नावावर आहे. केस, भरायचा ॲडॅप्टर, ॲलन की चा सेट सोबत. हातपंप नाही, पण आमच्या क्लबात टाकी आहे. घ्यावं का? किती म्हणावं?

आणि दुसरा एक सल्ला असा मिळालाय की अजून एक सीझन क्लबच्याच पिस्तुलावर काढ, पैसे साठव आणि एकदम नवीन घे. तेही पटतं अर्धंमुर्धं.

पंचगंगेकाठचा

२०१३ चा सिलिंडर शून्य धर, २०१९ चा २०२९ पर्यंत चालतोय. म्हणजे दोन नाही, एकच सिलिंडर मिळतोय हे त्याला सांग. ७० पासून सुरू कर आणि ७५ ला मिटव, पोरगा सोडून गेलाय म्हणजे वस्तू घरात पडून आहे, वडिलांना पण ती जागेवर लागलेली बघायची असणार. घासाघीस कर पण प्रेमानं कर, शूटिंगचं जग लई छोटं आहे, उद्या तोच पोरगा परत रेंजवर तुझ्या शेजारच्या लेनला उभा राहील.

एक सीझन थांब म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. तू नवशिका असतास तर मी पण तेच म्हटलं असतं, सहा महिने क्लबचं मार, टिकतोस का बघ. तू टिकलायस. आता त्याच त्या मोठ्या ग्रिपवर अजून एक वर्ष मारलंस तर ती चूक हातात मुरेल.

जर्सीवाला

मी सिंगल स्ट्रोकचा वकील असलो तरी ही केस हरलो, एलपी २ घ्या. फक्त एक विचारून घ्या, किती दिवस न वापरता पडून होतं. वर्ष-दीड वर्ष रिकाम्या सिलिंडरनं पडलं असेल तर सील सुकलेली असतात, पहिले काही शॉट विचित्र येतील, त्यावरून पिस्तुलाला वाईट ठरवू नका. पन्नासेक शॉट मारून मग ग्रुप बघा.

निशाणा

मिरजकर, वस्तू चांगली वाटतेय. कागदपत्राचं सांगतो. मूळ बिलाची प्रत, आणि एका साध्या कागदावर विक्रीचा मजकूर, त्यात पिस्तुलाचा सिरियल नंबर, दोघांच्या सह्या, दोघांच्या आधारची प्रत. बिल वडिलांच्या नावावर आहे म्हणजे सही वडिलांचीच घ्या, मुलाची नको. पिस्तुलावरचा नंबर आणि बिलावरचा नंबर एकच आहे ना हे तिथेच ताडून बघा. पैसे बँकेतून द्या. उद्या बस-रेल्वेत कुणी केस उघडायला सांगितली तर हे कागद आणि क्लबचं ओळखपत्र दोन्ही जवळ असलं की दोन मिनिटांत सुटका होते. केस बंद ठेवूनच न्यायची, सिलिंडर काढलेला, आणि विमानानं कधी गेलात तर सिलिंडर पूर्ण रिकामा करून.

सिलिंडर गेला म्हणून जुना भंगारात तसाच टाकू नका, आधी हवा सोडा.

दुसरं, हे पिस्तूल हातात आल्यावर पहिले पंधरा दिवस स्कोअर लिहू नका. साईट, ग्रिप, ट्रिगरचं अंतर, बॅलन्स, यातलं एका वेळी एकच बदला आणि प्रत्येक बदलाआधीची जागा पेन्सिलीनं खूण करून ठेवा. लोक नव्या उत्साहात सगळे स्क्रू एका संध्याकाळी फिरवतात आणि मग मूळ कुठे होतं तेच सापडत नाही. घरी पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहून ड्राय फायर, टार्गेट नको, नुसती पुढची साईट आणि ट्रिगर. वीस मिनिटं रोज. क्लबच्या एका तासापेक्षा हे जास्त देतं, आणि पेलेटचा खर्च शून्य, ताईंच्या वहीत नोंद करायला नको.

गच्चीवर किंवा पॅसेजमध्ये दहा मीटर मिळत असेल तर टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४० मीटरवर लावा, मागे जाड लोखंडी पेलेट ट्रॅप, आणि त्या बाजूनं कुणी येणार नाही असं दार बंद. कमी अंतर असेल तर त्या प्रमाणात छोटं टार्गेट लावता येतं.

स्टेटचं म्हणालात म्हणून सांगतो. जिल्हा, मग राज्य, मग मावळंकर, मग नॅशनल्स अशी पायरी आहे. ज्या ग. वा. मावळंकरांच्या नावानं ती स्पर्धा आहे ते लोकसभेचे पहिले सभापती, आणि १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन स्थापन झाली तेव्हाचे पहिले अध्यक्षही तेच. आपल्या मराठी घरातला माणूस. रेंजवरची निम्मी पोरं रोज ‘मावळंकर खेळायचंय’ म्हणतात आणि मावळंकर कोण ते त्यांना माहीत नसतं, मला हे फार लागतं म्हणून प्रत्येक नव्या मुलाला मी सांगतोच.

नाशिकची आई

७५ ला मिळालं तर वरचे पाच ते दहा पेलेट आणि कपाटाला, अगदी बसतंय. त्या मुलाला एवढंच विचारा की तो कोणती पेलेट आणि कोणत्या साईजची वापरायचा, ४.४९ की ४.५०. त्या पिस्तुलाला काय मानवतं हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसणार, आणि उरलेल्या डब्या असतील तर त्या पण मागून घ्या. आमच्या मुलीचं पिस्तूल घेतलं तेव्हा आधीच्या ताईनं तिची शॉट डायरी पण दिली होती, त्यात साईटचे किती क्लिक, कुठली पेलेट, सगळं लिहिलेलं, त्याचा खूप उपयोग झाला.

मिरजकर

बोलणं झालं. ७६ ला ठरलं, वडील स्वतः सही करतील म्हणालेत. तो फिनाले मॅच ४.४९ वापरायचा आणि दोन न फोडलेल्या डब्या आहेत, त्या तशाच देतोय. रविवारी साताऱ्याला जातोय, क्लबातला एक सीनियर सोबत येतोय. ५०० ग्रॅमचं वजन क्लबातून घेतलंय, भिंग आहे, सिलिंडर भरून ठेवायला त्याला आदल्या रात्रीच सांगितलंय म्हणजे सकाळी काटा बघता येईल. निशाणा सर, तिथून फोटो टाकले तर नळीचं तोंड बघून सांगाल का?

निशाणा

टाका. मोबाईलचा फ्लॅश बंद ठेवून, खिडकीकडे तोंड करून, तिरका उजेड पडेल असा काढा, फ्लॅशमध्ये ओरखडे दिसत नाहीत. आणि सिलिंडर काढलेला, ब्रीच उघडी असतानाच.